खंडेनवमीचा प्रसाद

"वाक! कंबरेतून वाक म्हणतोय ना! बाजारला निघाल्यासारखी काय बसलीस?"

असं ओरडून आरबोळे सरांनी माझ्या पाठीत असा दणका घातला, की चष्मा नाकावरून उडून हँडलवर आपटला. मी त्रेचाळीस वर्षांची, पोस्टात नोकरी करणारी, कॉलेजला जाणाऱ्या मुलीची आई. सरांच्या दुकानात एका जुन्या रेसर सायकलवर चढून बसले होते आणि पाठीत दणके खात होते. दुकानाच्या पायरीवर माझा नवरा उदय उभा होता. तो हसत होता.

"हसतोस काय?" मी म्हटलं.

"हसत नाहीये गं. शिकून घेतोय. तुला वाकवायचं कसं ते वीस वर्षांत मला काही जमलं नाही."

सर गडगडाटी हसले आणि त्यांनी मला अजून एक दणका दिला. हा कौतुकाचा होता. सरांचा राग आणि कौतुक, दोन्ही हातानंच यायचं, आणि दोन्ही सारखंच लागायचं.

ह्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. माझ्या उजव्या मांडीत सळई आहे, गुडघा कुरकुरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, सायकल चालवा. सायकल! पंचवीस वर्षांत मी सायकलला हात लावला नव्हता. उदय मात्र पेटून उठला. महिनाभर त्यानं वाचून वाचून माझं डोकं खाल्लं आणि निकाल दिला, "हायब्रिड घे. रेसरसारखी हलकी, पण हँडल सरळ. ताठ बसता येतं. टायर ना फार बारीक ना फार जाड. तुझ्या वयाला तीच." वयाचं काढल्याबद्दल त्याला त्या दिवशी मी चहा दिला नाही.

पण सायकल घ्यायची ती सरांकडूनच, हे मी ठरवलं होतं. मिरजेत सरांचा मुलींचा सायकल क्लब होता, आणि मी त्यातली पहिली पोरगी. मला घडवलं ते सरांनी, हे मी येताजाता सगळ्यांना सांगायची.

त्या दिवशी खंडेनवमी होती. दुकानात पाने, पंप, पक्कड, चेन तोडायचं हत्यार, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं. त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं. आणि सगळ्यांच्या मध्ये, वेगळ्या ताटलीत, सायकलच्या ट्यूबचा हातभर लांब काळा तुकडा. एका टोकाला गाठ मारलेली. त्यालाही कुंकू लावलेलं.

"हे काय?" उदयनं विचारलं.

"आमचं मुख्य शस्त्र, जावईबापू," सर म्हणाले. "विचारा तुमच्या बायकोला."

उदयला ते ऐकून माहीत होतं. सराव करताना सर एम-एटी स्कूटरवर बसून आमच्या बाजूनं यायचे, आणि जिचा वेग पडला तिच्या मांडीवर ट्यूब बसायची. सट्टदिशी. आम्ही पोरी अंघोळीच्या वेळी एकमेकींना वळ दाखवायचो, जिचे जास्त ती जास्त मिरवायची. आणि खंडेनवमीला त्याच ट्यूबची पूजा. आम्हीच कुंकू लावायचं, आम्हीच फूल वाहायचं, मग सर प्रत्येकीच्या हातावर ट्यूब हलकेच टेकवायचे. त्याला आम्ही प्रसाद म्हणायचो. फक्त त्या मोसमात जी हरली असेल तिचा प्रसाद खरा असायचा, आणि तो मांडीवर असायचा. ह्या सगळ्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. मी तर ह्या गोष्टी लग्नकार्यांत सांगून लोकांना हसवायची.

"कुत्रं आडवं आलं हो," सर उदयला सांगत होते, "नाहीतर ही पोरगी देशासाठी खेळली असती. कृष्णेच्या पुलाच्या उतारावर. काय वेग होता! आणि आलं मेलं कुत्रं."

"तपकिरी, एका कानाचं," उदय म्हणाला. "पाठ आहे मला."

"हायब्रिड बघू द्या ना सर," मी म्हटलं.

सरांचं तोंड एकदम कडू झालं. "हायब्रिड? ज्वारी हाय काय ती? रेसर म्हणून गेलं तर पळत न्हाई, रानात घातली तर टिकत न्हाई. पेन्शनरांचं वाहन. कुंदे, तू माझी पोरगी हायस. तू रेसरच चालवायची."

तरी त्यांनी ती काढून दिली. राखाडी रंगाची, पुढं तीन गिअर, मागं सात. कामात मात्र माणूस चोख. मला दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं केलं, मधलं अंतर बोटांनी बघितलं, म्हणाले ही उंची तुला मोठी, आणि दुसरी काढली. सीट कमरेच्या हाडाशी लावून बघितली, मग दोन पेरं खाली घेतली.

मी ती घेऊन रस्त्यावर गेले. पहिल्यांदा हँडल थरथरलं, मी बोंबलले, एक रिक्षावाला शिव्या देऊन गेला. मग जमलं. आणि मग, काय सांगू, मला रस्ता दिसला. त्याच रस्त्यावर मी चार वर्षं रोज सायकल चालवली होती, पण त्यावर चिंचेची इतकी झाडं आहेत हे मला माहीत नव्हतं. तेव्हा मान खाली, डोळे पुढच्या चाकावर आणि कान मागून येणाऱ्या स्कूटरवर असायचे. आता मी ताठ बसले होते. वळून मागं बघता येत होतं. मागं कुणी नव्हतं. मला रडायलाच आलं, उगाच, भर रस्त्यात.

परत आले आणि म्हटलं, "हीच."

"अक्कल गहाण टाकलीस," सर म्हणाले.

तेवढ्यात दुकानासमोर एक मुलगी रेसरवरून उतरली. सतरा-अठराची, काटक, दोन वेण्या वर बांधलेल्या. आल्या आल्या सरांच्या पाया पडली आणि मग तिची नजर ताटलीकडे गेली.

"सगळ्या पोरी सकाळी प्रसाद घेऊन गेल्या," सर म्हणाले. "तू कुठं होतीस, तेजे?"

"आजीला दवाखान्यात नेलं होतं, सर."

"निवड चाचणीत दुसरी कोण आली? आजी का तू?"

"मी, सर."

"चल मग."

तेजल पुढं आली. काउंटरला दोन्ही हात लावून उभी राहिली, डावा पाय पुढं घेतला, भार उजव्यावर टाकला. मी बघतच राहिले. अगदी तसंच उभं राहायचो आम्ही. भार दुसऱ्या पायावर टाकला की मार मांसावर बसतो, गुडघा वाचतो. आम्ही ते शोधून काढलं होतं आणि नव्या पोरींना शिकवलं होतं. ते अजून चालू होतं.

सरांनी ट्यूब उचलली, कपाळाला लावली, आणि माझ्या हातात दिली.

"आज मान तुझा. माझी पहिली पोरगी परत आलीय. हाण. मनगटातनं हाण, खांद्यातनं न्हाई."

तेजलनं मान वळवली. तिचे डोळे चमकले. "तुम्ही कुंदाताई? खरंच? सर रोज तुमचं सांगतात. पायाचं हाड मोडेपर्यंत पळाली म्हणतात." आणि मग ती हसून म्हणाली, "मारा ताई. तुमच्या हातचा असू दे."

माझ्या हातात ती ट्यूब होती, कुंकवानं चिकट झालेली. पोरीच्या मांडीवर, चड्डीच्या खाली, जुने पिवळे पडलेले वळ होते. वळ मी स्वतःचे बघितले होते, मैत्रिणींचे बघितले होते, पण बाईच्या नजरेनं, आईच्या नजरेनं कधी बघितलेच नव्हते.

"मी नाही मारणार," मी म्हटलं.

"काय?"

"नाही मारणार, सर. लेकरू आहे ते."

"लेकरू!" सरांनी ट्यूब माझ्या हातातून हिसकली. "लाड करून दुसऱ्या येतात असल्या!"

आणि त्यांनी मारलं. सट्ट. पोरीनं मूठ तोंडात घातली. उदय पायरीवरून धावत आत आला, "अहो सर, अहो, काय करताय!" दुसरा बसला. तिसरा बरोबर पहिल्याच्याच जागी, आणि तिथली कातडी फुटली. बारीकशी रक्ताची रेघ गुडघ्याकडे उतरली. सरांनी चौथ्यासाठी हात वर नेला.

पुढचं मी विचार करून केलं नाही. मी ट्यूबचं टोक हवेतच धरलं आणि सगळं वजन टाकून ओढलं. सर अडुसष्ट वर्षांचे, पण रेड्यासारखे होते. तरी ते बेसावध होते. त्यांचा तोल गेला, ते सायकलींच्या रांगेवर आदळले, आणि रांगच्या रांग धडाधड कोसळली. सर मध्ये अडकले. ट्यूब माझ्या हातात राहिली.

मी त्यांना मारलं. खांद्यावर मारलं, हातावर मारलं, बरगडीवर मारलं. "मांडी पुढं करा!" मी किंचाळत होते. "पुढं करा मांडी! भार दुसऱ्या पायावर टाका!" उदयनं मागून माझ्या कमरेला मिठी मारली, मी त्याला कोपर हाणलं. सर हात वर धरून "कुंदे, कुंदे, अगं" म्हणत होते. त्यांच्या कानाजवळ रक्त आलं होतं. मला बरं वाटत होतं. ते खोटं कशाला सांगू? पंचवीस वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

"कुत्रं नव्हतं!" मी ओरडले. "सांगा ह्या पोरीला! कुत्रं नव्हतं तिथं!"

उदयचे हात माझ्या कमरेवर एकदम सैल पडले.

पुलाच्या उतारावर कुत्रं नव्हतं. तपकिरी किंवा काळं, एका किंवा दोन कानांचं, कसलंच नव्हतं. सर होते. माझा वेग चांगला होता, तरी त्यांना अजून हवा होता. त्यांनी ट्यूब मारली, ती माझ्या हँडलला गुंडाळली गेली, आणि त्यांनी सवयीनं हिसका दिला. मी पडले. एम-एटीचं चाक माझ्या मांडीवरून गेलं. सरकारी दवाखान्यात मला आत नेत असताना सर माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "कुत्रं आडवं आलं म्हण." मी पोलिसाला तसं सांगितलं. आईला सांगितलं. नवऱ्याला, पोरीला, पोस्टातल्या बायकांना सांगितलं. सांगून सांगून मला ते कुत्रं दिसायला लागलं होतं.

आता मी ते सगळं ओरडून सांगत होते आणि प्रत्येक वाक्याला एक फटका घालत होते. तेवढ्यात माझ्या कपाळावर काहीतरी जोरात आदळलं. डोळ्यांपुढं काजवे चमकले, मी गुडघ्यावर बसले. वर बघितलं तर तेजल. तिच्या हातात पाटावरचा लोखंडी पंप होता, हळदकुंकवाचा. तिनं तो परत उगारला.

"सोडा माझ्या सरांना! हात लावायचा नाही त्यांना!"

दुसरा फटका उदयनं हातावर झेलला. त्याचं मनगट सुजलं ते दिवाळीपर्यंत. ती वेड्यासारखी लाथा मारत होती, माझे केस तिच्या मुठीत होते, आणि तिच्या मांडीवरचं रक्त माझ्या सलवारीला लागत होतं.

पडलेल्या सायकलींमधून सरांचा आवाज आला. "शाब्बास, तेजे! शाब्बास!"

पोरगी थांबली. माझे केस सोडले. तिचा चेहरा असा उजळला, की मला बघवेना. डोक्यातून रक्त गळत होतं, पण दुखलं ते तेव्हा. तो चेहरा मला माहीत होता. चार वर्षं मी त्या एका शब्दावर जगले होते. ट्यूबचं काय, ती कातडीवर बसायची. तो शब्द मिळावा म्हणून मी पोलिसासमोर खोटं बोलले होते, मांडीत हाडाचे दोन तुकडे घेऊन. आणि आता ही पोरगीही खोटं बोलणार होती.

ती बोललीच. माझ्या कपाळाला टाके घालून झाल्यावर आम्ही पोलिसात गेलो. हवालदार दुकानात येऊन गेला, आणि तेजलनं त्याला सांगितलं, मांडीला लागलंय ते पायरीवरून पडले म्हणून. मी तिच्या घरी फोन लावला. तिचे वडील शांतपणे म्हणाले, "बाई, सर मारतात ते तिच्या भल्यासाठी. तुम्ही मध्ये पडू नका." आणि फोन ठेवला.

सायकल मात्र मी त्याच दिवशी आणली, त्याच दुकानातून, पडलेल्या रांगेतून उचलून. उदय म्हणाला, "ह्या माणसाकडून? अजूनही?" म्हटलं, "उद्या सकाळी लागणार आहे. दुसरीकडे शोधायला वेळ नाही."

"उद्या सकाळी काय आहे?"

"पोरीचा सराव."

मी निघताना सरांनाच विचारलं होतं. ते कानाला फडकं लावून बसले होते. म्हणाले, "उजाडता उजाडता निघतो आम्ही. ये की तुझ्या ज्वारीवर बसून. फर्लांगभर टिकलीस तरी पेढे वाटीन."

उदय माझ्याबरोबर येतो म्हणत होता. मी त्याला येऊ दिलं नाही. बाप्या माणूस बरोबर असला तर सर आज मारणार नाहीत, उद्या मारतील. मला रोजचं बघायचं होतं.

दसऱ्याच्या सकाळी रस्ता मोकळा होता. पुलाच्या अलीकडे मी वाट बघत थांबले. आधी तेजल आली, मान खाली घालून, आणि तिच्या उजव्या हाताला, थोडी मागं, सरांची स्कूटर. सरांच्या मांडीवर ट्यूब होती. मी सायकल हाणली आणि दोघांच्या मध्ये घातली.

"बाजूला हो, कुंदे," सर म्हणाले.

"नाही होणार."

"सराव बिघडतोय पोरीचा."

"बिघडू दे."

ट्यूब माझ्या पाठीवर बसली. कुडत्यातून आरपार आग झाली. मी ताठ बसलेली, त्यामुळे मान वळवून त्यांच्याकडे बघता येत होतं, आणि मी बघत राहिले. आमच्या वेळी मारताना त्यांच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं. त्यांनी नजर चुकवली आणि परत मारलं.

पण रेसर ती रेसर. तेजलनं जोर लावला आणि ती पुढं निघून गेली. सरांनी स्कूटर पिळली, मला ओलांडलं, तिला गाठलं. सट्ट आवाज मला पुढून ऐकू आला. मी पाय मारायला लागले. सळई दुखायला लागली, टाके ठणकायला लागले, तोंडात लोखंडाची चव आली. चढावर तिचा वेग थोडा पडला तेव्हा मी परत मध्ये घुसले. सर आता खरे भडकले होते. त्यांनी मारलं ते माझ्या उजव्या मांडीवर, जिथं त्यांना माहीत होतं तिथं. हँडल वळलं. मी पडता पडता वाचले. छाती फुटेल असं वाटत होतं, रस्ता कधी दिसत होता, कधी नाही. आणखी चार पावलं आणि मी मागं पडणार, हे मला कळत होतं. मग पोरीला आज, उद्या, परवा, चार वर्षं.

पुढं तेजलनं एकदा मागं वळून बघितलं.

"पळ!" सर ओरडले. "संपली ती! पळ, तेजे, शाब्बास!"

तिचे पाय थांबले. नुसतं चाक फिरत राहिलं, टिकटिक करत. सायकल हळू झाली, माझ्या डाव्या हाताला आली. मी मध्ये, स्कूटर माझ्या उजवीकडे. सर बोंबलत होते. तेजल माझ्याकडे बघत नव्हती, समोर बघत होती, आणि तिच्या डोळ्यानाकाला नुसत्या धारा लागल्या होत्या.

"मरायचंय का तुम्हाला?" ती माझ्यावर खेकसली. "पुढचा गिअर मोठ्यावर ठेवून चढ चढताय. लहान करा तो."

"कसा करायचा?" मी कसंबसं विचारलं. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

"डाव्या हाताशी छोटं बटण आहे बघा. दाबा. पाय थांबवू नका."

मी दाबलं. पाय हलके झाले. सरांनी ट्यूब मारली ती माझ्या खांद्यावर बसली, पण तेजल पुढं गेली नाही.